हास्केलमध्ये वेळेचा पूर्णांक करताना: दर सात महिन्यांनी चुकणारा बॅकअप

"तुझं ते बॅकअपचं प्रकरण सणासुदीला संपावर जातं बघ," असं म्हणत मित्राचा फोन आला तो ३१ मार्च २०२५ ला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याचं डीटीपीचं काम आहे. चालू महिन्याच्या फोल्डरमध्ये पानं लागतात, रात्री ११ वाजता मी हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून दिलेला छोटा प्रोग्रॅम त्या दिवशी बदललेल्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर टाकतो, आणि एक तारखेला नवं फोल्डर सुरू होतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दिवसभर खपून केलेल्या जाहिरातींपैकी एक फाइल कुणीतरी चुकून पुसली. बॅकअपमध्ये शोधायला गेले तर ती फाइल नाहीच. शनिवारी सकाळी साडेआठनंतर सेव्ह केलेलं काहीच नाही.

"दहीहंडीला पण असंच झालं होतं, आठवतं?" तो म्हणाला. आठवत होतं. २७ ऑगस्ट २०२४ च्या रात्री गणपती पुरवणीची दोन पानं बॅकअपला आली नव्हती. तेव्हा 'चुकीच्या फोल्डरमध्ये सेव्ह केली असतील' म्हणून आम्ही विषय मिटवला होता. या वेळी त्याच्या ऑफिसातल्या काकांनी निदानही करून ठेवलं होतं: शनिवारी अमावास्या होती, वर ग्रहण. मशीनला लिंबू-मिरची बांधा. मला त्यात एकच गोष्ट पटली, ती म्हणजे यामागे काहीतरी ठरावीक चक्र आहे.

हे लिहितोय कारण यामागची चूक माझ्या एकट्याची नाही. 'हास्केलमध्ये वेळेचा साधा पूर्णांक कसा करायचा' हा प्रश्न मला दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतं, आणि प्रश्न विचारणाऱ्याने बहुतेक वेळा तोवर मी केला तोच जुगाड केलेला असतो. फंक्शनांची आणि टाइपांची (म्हणजे डेटाच्या प्रकारांची) नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. कोड लिहिताना अर्थातच मूळ स्पेलिंग घाला.

लक्षणं

मित्राकडून लॉग मागवला. रोज रात्री किती फाइल्स कॉपी झाल्या तो आकडा त्यात असतो. मार्चभर तो १० ते २० च्या आसपास. २९ तारखेला एकदम शून्य. आणि ३० तारखेला, रविवारी, पाडव्याच्या दिवशी, ऑफिसला कुलूप असताना: २३८! म्हणजे महिनाभराच्या सगळ्या जुन्या फाइल्स त्याला अचानक 'नव्या' वाटल्या, आणि शनिवारच्या खरोखर नव्या फाइल्स मात्र वाटल्या नाहीत. ऑगस्टचा लॉग काढला तर तिथेही २७ ला आकडा थोडा कमी, २८ पासून ३१ पर्यंत रोज पूर्ण फोल्डर, आणि १ सप्टेंबरला नवं फोल्डर सुरू झाल्यावर सगळं पुन्हा शहाण्यासारखं. लक्षणं महिनाअखेरीस आपोआप जात होती, म्हणून कुणी खोलात गेलं नाही. मीसुद्धा.

मग मागच्या वेळेची नोंद असलेली फाइल उघडायला सांगितली. त्यात एकच संख्या असते, मागचा बॅकअप कधी सुरू झाला ती.

"काय लिहिलंय?"

"वजा नऊ शून्य आठ चार आठ आठ... अरे बाबा, फार लांब आहे. फोटो पाठवतो."

वजा? २०२५ साल वजा कसं येईल? १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतोय, तर उत्तर १७४ कोटींच्या घरात यायला हवं. इथे १९ आकडी ऋण संख्या होती.

जुगाड कुठून आला

प्रोग्रॅमच्या पहिल्या आवृत्तीत मी युनिक्स लायब्ररीतलं मॉडिफिकेशनटाइम वापरलं होतं. ते फाइलची वेळ एपॉकटाइम या टाइपात देतं. एपॉकटाइम म्हणजे सीटाइमचंच दुसरं नाव, आणि सीटाइम म्हणजे सी भाषेतल्या टाइम-टी या टाइपाभोवतीचं पातळ वेष्टन. त्याचा पूर्णांक करायला माणूस साहजिकच फ्रॉमइंटिग्रल लावतो, आणि जीएचसी, म्हणजे हास्केलचा कंपायलर, हात वर करतो: या टाइपाला इंटिग्रल इन्स्टन्स नाही, म्हणजे त्याला पूर्णांक म्हणून वागवायची परवानगी नाही.

आतमध्ये तर ६४ बिटांचा चक्क पूर्णांक असतो, मग इन्स्टन्स का नाही? कारण सी भाषेच्या मानकाने टाइम-टी पूर्णांकच असेल अशी हमी दिलेली नाही, तो अपूर्णांकही असू शकतो. हास्केलवाल्यांनी ती मोकळीक प्रामाणिकपणे पाळली. नम (बेरीज-वजाबाकी) आहे, रिअल (वास्तव संख्या) आहे, एनम (ओळीने मोजता येणं) आहे, इंटिग्रल नाही.

तेव्हा मी एनमच्या दारातून आत शिरलो. फ्रॉमएनम लावलं, इंट (ठरावीक बिटांचा पूर्णांक) मिळाला, आकडा बरोबर सेकंदांत आला. कंपायलर खूश, मी खूश. सीटाइमच्या बाबतीत हे चालतंही, कारण तिथे फ्रॉमएनम आतला पूर्णांक जसाच्या तसा बाहेर काढतं.

मे २०२४ मध्ये मित्राने सांगितलं की एकाच सेकंदात दोनदा सेव्ह झालेली फाइल कधीकधी सुटते. सोपं आहे म्हटलं: मॉडिफिकेशनटाइमच्या जागी मॉडिफिकेशनटाइमहायरेझ घातलं, आणि 'आत्ताची वेळ' घ्यायला गेटपॉसिक्सटाइम. दोन शब्द बदलले. फ्रॉमएनम होतं तिथेच राहिलं. एकही तक्रार न येता सगळं कंपाइल झालं, चाचण्या हिरव्या. दोन शब्दांच्या बदलाला दुसऱ्या कुणाला कशाला दाखवायचं, असंही वाटलं असणार.

पण हायरेझवालं फंक्शन एपॉकटाइम देत नाही, पॉसिक्सटाइम देतं. पॉसिक्सटाइम हे नॉमिनलडिफटाइमचं टोपणनाव. आणि नॉमिनलडिफटाइमच्या पोटात असतो पिको: दशांश चिन्हानंतर बारा स्थळं पक्की असलेला फिक्स्ड प्रकारचा आकडा. म्हणजे आत खरं तर पिकोसेकंदांचा एक अवाढव्य इंटिजर (कितीही मोठा होऊ शकणारा पूर्णांक), सेकंदाचे लाख कोटी भाग करून मोजलेला. त्यावर फ्रॉमएनम लावलं की सेकंद मिळत नाहीत, पिकोसेकंद मिळतात. तेही इंटमध्ये कोंबून.

कोंबल्यावर काय होतं

६४ बिटांच्या इंटमध्ये जास्तीत जास्त ९२२३३७२०३६८५४७७५८०७ एवढी संख्या मावते. पिकोसेकंदांत मोजली तर ती किती वेळ? ९२,२३,३७२ सेकंद. म्हणजे १०६ दिवस, १८ तास आणि वर तीनेक मिनिटं. १९७० पासून चालत आलेली वेळ यात मावणं शक्यच नाही. त्यामुळे वरचे बिट गळून पडतात आणि उरतो तो शेष. अपवाद नाही, इशारा नाही.

एक ठोस वेळ घेऊन पाहू. पॉसिक्सच्या, म्हणजे १९७० पासूनच्या, हिशोबात १७०,००,००,००० सेकंद म्हणजे १४ नोव्हेंबर २०२३, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) रात्री १० वाजून १३ मिनिटं २० सेकंद. जीएचसीआयमध्ये (हास्केलची एकेक ओळ लगेच चालवून दाखवणाऱ्या साधनात) यावर फ्रॉमएनम लावा. उत्तर येतं २८९९५४५२१८७२१२५१३२८. त्याला १० च्या बाराव्या घाताने भागलं की २८,९९,५४५ सेकंद. हे कधीचे? ३ फेब्रुवारी १९७०, यूटीसी दुपारी १ वाजून २५ मिनिटं. तुमच्या लॉगमध्ये किंवा डेटाबेसमध्ये १९७० च्या पहिल्या साडेतीन महिन्यांतल्या, नाहीतर १९६९ च्या शेवटच्या साडेतीन महिन्यांतल्या तारखा दिसू लागल्या असतील, तर हाच आजार समजा.

आमच्याकडे मात्र कुणी तारीख छापत नव्हतं. आम्ही फक्त तुलना करत होतो: फाइलची संख्या मागच्या नोंदीपेक्षा मोठी आहे का? आणि शेषांची तुलना बहुतेक दिवस बरोबरच येते. शेष चाकासारखा फिरत राहतो, आणि त्या चाकाचा एक पूर्ण फेरा २१३ दिवस, १२ तास, ५ मिनिटं आणि ४४ सेकंदांचा. त्या फेऱ्यात एकच क्षण असा येतो की संख्या कमाल धनावरून किमान ऋणावर कोसळते. चाचण्यांमधल्या फाइल्स एकमेकींपासून दोन सेकंदांवर तयार होत होत्या. त्या क्षणाच्या नेमक्या अलीकडे-पलीकडे पडण्याची शक्यता किती?

कागदावर भागाकार मांडला. भारतीय वेळेनुसार हा कडेलोट २७ जानेवारी २०२४ ला सकाळी ८:२० ला झाला होता (तेव्हा जुनी आवृत्ती चालू होती म्हणून वाचलो). त्यानंतर २७ ऑगस्ट २०२४, रात्री ८ वाजून २६ मिनिटं. त्यानंतर २९ मार्च २०२५, सकाळी ८ वाजून ३१ मिनिटं. दहीहंडी आणि शनी अमावास्या. काकांना मी अजून हे सांगितलेलं नाही.

आता लॉगही वाचता येतो. २९ मार्चला रात्री ११ ला 'मागची नोंद' २८ तारखेची होती, म्हणजे प्रचंड मोठी धन संख्या. त्या दिवशी साडेआठनंतर सेव्ह झालेल्या साऱ्या फाइल्सना ऋण संख्या मिळाल्या. ऋण संख्या धनापेक्षा मोठी कशी असेल? सगळ्या गाळल्या. बॅकअप संपताना नोंद लिहिली गेली ती ऋण. दुसऱ्या रात्री महिनाभराच्या जुन्या, धन संख्यांच्या फाइल्स या ऋण नोंदीपेक्षा मोठ्या ठरल्या, म्हणून २३८ चा ढीग. आणि शनिवारच्या फाइल्स? त्या ऋणातही शनिवार रात्री ११ च्या नोंदीपेक्षा लहानच. म्हणजे त्या पुन्हा कधीच उचलल्या जाणार नव्हत्या. मूळ डिस्क शाबूत होती म्हणून पुसलेली एक जाहिरात सोडून बाकी सगळं हातात राहिलं.

उपाय

पॉसिक्सटाइमला इंटिग्रल इन्स्टन्स नाही, पण रिअलफ्रॅक (अपूर्णांक असू शकणाऱ्या संख्यांचा गट) आहे. रिअलफ्रॅक असलेल्या कशाचाही पूर्णांक करायला फ्लोअर (खालचा पूर्णांक), सीलिंग (वरचा), ट्रंकेट (अपूर्णांक छाटून) आणि राउंड (जवळचा) ही चार फंक्शनं हास्केलमध्ये जन्मापासून आहेत. म्हणून सेकंद हवे असतील तर एवढंच (टी म्हणजे आपली वेळ):

फ्लोअर टी, आणि उत्तराचा टाइप इंट६४ किंवा इंटिजर

मिलिसेकंद हवे असतील तर:

फ्लोअर (टी * १०००)

मायक्रोसेकंदांना १०००च्या जागी १० लाख. झालं. दुसऱ्या ओळीपाशी बरेच जण अडखळतात, कारण जीएचसीआयमध्ये टी * १००० एवढंच छापलं तर आकड्यामागे सेकंदाचा एस दिसतो आणि हजारपट सेकंद झाल्यासारखं वाटतं. टाइपाच्या दृष्टीने ते खरोखर तसंच आहे. वेळेला वेळेने गुणायची मुभा या लायब्ररीत आहे आणि १००० हा आकडासुद्धा तिथे हजार सेकंद म्हणूनच वाचला जातो. मला ही रचना फारशी आवडत नाही, पण फ्लोअरने तो एस टाकून दिला की उत्तर बरोबर असतं. आतला आकडा दशांश असल्यामुळे पूर्ण संख्येने गुणताना काडीचीही चूक येत नाही.

भागाकाराचं तसं नाही. १ सेकंदाला ३ ने भागा आणि पुन्हा ३ ने गुणा: ०.९९९९९९९९९९९९ येतं, बारा नऊ. त्यावर फ्लोअर लावलं की शून्य. म्हणून आधी गुणाकार, मग भागाकार. त्याहून बरं म्हणजे डेटा-डॉट-फिक्स्डमधलं डिव्ह-प्राइम, म्हणजे नावाच्या शेवटी अवतरणचिन्ह असलेलं डिव्ह. ते दोन मूल्यं घेतं आणि थेट पूर्णांक भागाकार देतं. 'किती पूर्ण मिनिटं झाली' याला टी डिव्ह-प्राइम ६० लिहिलं की मधे अपूर्णांक येतच नाही. बाकी उरलेले सेकंद हवे असतील तर मॉड-प्राइम तिथेच शेजारी आहे.

चारांपैकी फ्लोअरच का, हे विचारतात. राउंडने १० वाजून शून्य पूर्णांक सहा सेकंदांचे १० वाजून एक सेकंद होतात, म्हणजे अजून न आलेली वेळ. लॉगिनच्या टोकनवर अशी वेळ टाकली की समोरचा सर्व्हर 'हे भविष्यात दिलेलं दिसतंय' म्हणून परत पाठवतो, आणि तेही दर दोनपैकी एकदाच, त्यामुळे शोधणारा वेडा होतो. शिवाय हास्केलचं राउंड शाळेत शिकवलेलं नाही: बरोबर अर्ध्यावर असेल तर जवळच्या सम संख्येकडे जातं. ०.५ चा शून्य, १.५ चे २, आणि २.५ चे पण २. ट्रंकेट आजच्या तारखांना फ्लोअरसारखंच वागतं, पण १९७० च्या आधी ते शून्याकडे सरकतं. उणे अर्ध्या सेकंदाचा फ्लोअर उणे एक, ट्रंकेट शून्य. लोकांच्या जन्मतारखा हाताळत असाल तर हा फरक अंगावर येतो. दोन वेळांची वजाबाकी ऋण येऊ शकत असेल तरीही.

डबलमार्गे जाऊ नका

दुसरा लोकप्रिय रस्ता म्हणजे रिअलटूफ्रॅक लावून वेळेचा डबल (६४ बिटांचा अपूर्णांकी आकडा, काही भाषांत फ्लोट) करायचा, हजाराने गुणायचं आणि मग ट्रंकेट. चालतो, बहुतेकदा. पण १.००५ सेकंद घ्या. डबलमध्ये १.००५ गुणिले १००० केलं की उत्तर १००४.९९९९९९९९९९९९९ येतं, आणि ट्रंकेट केल्यावर १००४ मिलिसेकंद. एक मिलिसेकंद कुठे गेला ते कुणालाच कळत नाही. पिकोमध्ये हेच गणित नेमकं १००५ देतं. आणि सध्याच्या तारखेइतक्या मोठ्या संख्येला डबलमध्ये शेजारच्या दोन आकड्यांमधलं अंतर सेकंदाच्या सुमारे ४२ लाखाव्या भागाइतकं असतं. मायक्रोसेकंद कसेबसे टिकतात, नॅनोसेकंद विसरा.

इतर फंक्शनल भाषांतही हे दुखणं वेगवेगळ्या जागी आहे. ओकॅमलमध्ये युनिक्स मॉड्यूल वेळ थेट फ्लोटमध्येच देतं, म्हणजे तिथे डबलवरचा परिच्छेद पहिल्याच पायरीला लागू. एफ-शार्पमध्ये टाइमस्पॅनचं सेकंड्स हे फक्त घड्याळातल्या सेकंदाच्या काट्याइतकं सांगतं: दीड मिनिटाला ३०. एकूण हवे तर टोटलसेकंड्स, पण तो फ्लोट. पूर्णांकच हवा तर टिक्स, शंभर नॅनोसेकंदांचा एक. एलिक्सिर आणि अर्लांग यात सर्वांत सुखी. तिथे वेळ पूर्णांकातच मिळते, आणि एकक तुम्ही मागताना सांगायचं.

हास्केलमध्येही तसं सुख हवं असेल तर गेटसिस्टिमटाइम आहे. ते सेकंदांचा इंट६४ आणि नॅनोसेकंदांचा वर्ड३२ (ऋण नसलेला ३२ बिटांचा पूर्णांक) असे दोन आयते पूर्णांक देतं. फार वेगाने फार नोंदी करायच्या असतील तर मी तेच वापरतो. आणि फक्त 'हे काम किती वेळ चाललं' एवढंच मोजायचं असेल तर भिंतीवरच्या घड्याळाच्या नादी लागूच नका. ते नेटवर्कवरून जुळवलं जाताना मागेही सरकतं. जीएचसी-डॉट-क्लॉकमधलं गेटमोनोटॉनिकटाइमएनसेक नॅनोसेकंदांचा वर्ड६४ देतं आणि मागे जात नाही.

तारखेचा पूर्णांक आणि आपले साडेपाच तास

'दिवस क्रमांक' काढणाऱ्यांसाठी हे वेगळं लिहितोय, कारण ही चूक भारतात बसूनच जास्त होते. टी भागिले ८६४०० चा फ्लोअर म्हणजे यूटीसीचा दिवस. मघाचेच १७० कोटी सेकंद घ्या: यूटीसीने दिवस १९६७५, १४ नोव्हेंबर. पण आपल्याकडे तेव्हा १५ तारखेची पहाट झालेली, ३ वाजून ४३ मिनिटं. भारतीय दिवस हवा तर आधी १९८०० सेकंद मिळवा आणि मग भागा: १९६७६. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच एवढ्या काळात केलेल्या नोंदी आदल्या दिवशी पडत असतील, तर दुसरं काही शोधत बसू नका. भारतात उन्हाळी-हिवाळी घड्याळ नाही म्हणून १९८०० चा हा ठोकळा चालतो. लंडन किंवा न्यू जर्सीच्या घड्याळासाठी हे करायला जाल तर वर्षातून दोनदा फसाल. तिथे टाइमझोनची लायब्ररीच लागते.

फ्रॉमएनम पुन्हा शिरू नये म्हणून

टाइप बदलला तरी फ्रॉमएनम निमूटपणे कंपाइल होतं, हे खरं दुखणं. त्याचा जुळा भाऊ टूएनम उलट दिशेने हेच करतो: टूएनम ५ म्हणजे ५ सेकंद नाहीत, ५ पिकोसेकंद. आणि कुणी हौसेने ० ते १० सेकंदांची यादी दोन टिंबं देऊन लिहिली, तर ती ११ घटकांची होत नाही. पिकोसेकंदाच्या पावलाने चालते. १० लाख कोटी आणि वर एक. लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागला की कळतं.

मी दोन गोष्टी केल्या. वेळेचं रूपांतर करणारी तीन छोटी फंक्शनं एका मॉड्यूलमध्ये ठेवली, आणि त्यांच्या उत्तरांना वेगवेगळे न्यूटाइप (आत तीच संख्या, पण कंपायलरच्या लेखी वेगळा टाइप) दिले, म्हणजे सेकंदांची मिलिसेकंदांशी तुलना करायला गेलं की कंपायलरच अडवतो. आणि एचलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाच्या सेटिंगमध्ये फ्रॉमएनम व टूएनम दोन्हींवर बंदी घातली. तिथे फंक्शनचं नाव देऊन ते कोणत्या मॉड्यूलमध्ये चालेल हे सांगता येतं. एपॉकटाइम हातात आलाच तर त्यालाही फ्रॉमएनम नाही. टूरॅशनल लावून फ्लोअर. दोन शब्द जास्त लिहावे लागतात, पण उद्या टाइप बदलून पॉसिक्सटाइम झाला तरी उत्तर सेकंदांतच राहतं.

हा इंटही सांभाळून वापरा. हास्केलच्या रिपोर्टनुसार (भाषेच्या अधिकृत व्याख्येनुसार) इंटने ऋण २ चा २९ वा घात ते त्याच धन घाताच्या एक अलीकडे एवढीच हमी द्यायची असते. सेकंदांच्या हिशोबात ती १९८७ मध्येच संपते. जीएचसी ६४ बिटांच्या मशीनवर ६४ बिट देतो ही त्याची मेहेरबानी. ३२ बिटांच्या बोर्डवर तोच प्रोग्रॅम चढवलात तर १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेने सकाळी ८:४४ नंतर सेकंदही मावणार नाहीत. फायलीत किंवा डेटाबेसमध्ये जाणारी संख्या इंट६४ असल्याचं स्पष्ट लिहिलेलं बरं.

आधीच बिघडलेल्या नोंदींचं काय

मित्राकडची नोंदीची फाइल मी सरळ पुसली आणि एकदा सगळं फोल्डर कॉपी होऊ दिलं. पण तुमच्याकडे असे शेष डेटाबेसमध्ये वर्षभराचे साठले असतील तर ते वाया गेलेले नाहीत. खरी वेळ साधारण कोणत्या सहा-सात महिन्यांतली आहे एवढं माहीत असलं की पुरे. इंटिजरमध्ये शेष घ्या आणि त्यात २ च्या ६४ व्या घाताच्या योग्य तितक्या पटी मिळवा. फोटोतली ती वजा ९०८४८८ ने सुरू होणारी संख्या घेतली, ९५ पटी मिळवल्या, १० च्या बाराव्या घाताने भागलं: १७४,३३,५५,८०० च्या आसपास. म्हणजे ३० मार्च २०२५, रात्रीचे ११. पिकोसेकंदापर्यंत सगळं परत आलं. इंटिजरऐवजी इंटमध्ये ही बेरीज केलीत तर अर्थातच काहीच हलणार नाही.

चाचणीसाठी सात महिने थांबायची गरज नाही. कडेलोटाच्या दोन्ही बाजूंचे सेकंद हाताने द्या. १७६१६६४०५९ ला फ्रॉमएनम ९२२३३७१९९७५९२५९६४८० देतं आणि लगेच पुढच्या सेकंदाला, १७६१६६४०६० ला, वजा ९२२३३७१०७६११६९५५१३६. तुमच्या तुलनेच्या फंक्शनला या दोन वेळा दिल्या आणि दुसरी 'नवी' ठरली, तर ठीक. हा क्षण भारतीय वेळेने २८ ऑक्टोबर २०२५, रात्री ८ वाजून ३७ मिनिटं. त्याच्या पुढचा ३० मे २०२६ ला सकाळी ८:४३ ला.

२८ ऑक्टोबरला मी जुनी आवृत्ती मुद्दाम मित्राच्या दुसऱ्या मशीनवर, तिसऱ्या एका डिस्कसाठी चालू ठेवली होती. रात्री सव्वाअकराला त्याने दोन्ही लॉगचे फोटो पाठवले. जुनीने ११ फाइल्स उचलल्या होत्या, नवीने १७. मधल्या सहा साडेआठनंतर सेव्ह झालेल्या होत्या. त्यातल्या दोन त्याने त्या दिवशी खास उशिरापर्यंत थांबून, उगाच उघडून सेव्ह केल्या होत्या.